साक्षीदार पण तुम्हीच आणाल ना?

फोनवर पत्ता ठरतो, वेळ ठरते, कागद किती आहेत ते बोलून होतं आणि फोन ठेवता ठेवता समोरून येतंच, "आणि साक्षीदार पण तुम्हीच आणाल ना?" मराठी घरातला फोन असेल तर "ताई" लावून येतं, अमेरिकन माणूस जरा अवघडून विचारतो, पण विचारतात सगळे. मी फ्लोरिडात टॅम्पाच्या आसपास मोबाईल नोटरीचं काम करते, म्हणजे शिक्का आणि रजिस्टर बॅगेत टाकून लोकांच्या घरी, हॉस्पिटलात, नर्सिंग होममध्ये जाते, हिल्सबरो, पास्को, पिनेलास या तीन काउंटीत (म्हणजे आपल्याकडचे जिल्हे) बहुतेक फिरणं होतं, आणि या साक्षीदाराच्या प्रश्नावर मला जे वाटतं ते एकदा नीट लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं, कारण फोनवर पाच मिनिटांत ते सांगून होत नाही आणि समोरच्याला वाटतं ही बाई उगाच नखरे करतेय.

आधी एक गोष्ट, कारण आपल्या लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो. भारतात नोटरी म्हणजे वकील, १९५२ चा नोटरी कायदा आहे, निदान दहा वर्षं वकिली केलेली हवी (महिलांना आणि राखीव वर्गाला सात), त्यामुळे आपण नोटरीकडे गेलो की तो कागद वाचतो, चूक काढतो, सल्लाही देतो. इथे फ्लोरिडात नोटरी व्हायला वकील असावं लागत नाही. तीन तासांचा कोर्स, साडेसात हजार डॉलरचा बाँड म्हणजे हमी, अर्ज, आणि चार वर्षांचं कमिशन, म्हणजे नेमणूक, मिळते. माझं काम एवढंच की समोर सही करणारा माणूस तोच आहे ना हे बघायचं, तो स्वतःच्या मर्जीने सही करतोय ना, त्याला आपण काय करतोय ते समजतंय ना, आणि मग शिक्का मारायचा. कागदाला किती साक्षीदार लागतात, कोण चालतो, हे मी सांगायला गेले तर तो कायदेशीर सल्ला झाला आणि वकील नसताना सल्ला देणं इथे गुन्हा आहे. म्हणून लोक विचारतात "याला साक्षीदार लागतो का हो?" तेव्हा मी म्हणते तुमच्या कागदावर साक्षीदाराच्या सहीची ओळ आहे का ते बघा, नसेल किंवा शंका असेल तर ज्याने कागद बनवला त्याला विचारा. लोकांना हे टोलवाटोलवी वाटते. पण खरंच दुसरं काही बोलायचा मला हक्क नाही.

आता फ्लोरिडात हा प्रश्न एवढा का येतो? कारण हे राज्य साक्षीदारांच्या बाबतीत जुन्या वळणाचं आहे. घराचं डीड करायचं, म्हणजे मालकी दुसऱ्याच्या नावे करणारा कागद, दोन साक्षीदार. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी म्हणजे कुलमुखत्यारपत्र, दोन साक्षीदार आणि वर नोटरी. मृत्युपत्र, दोन साक्षीदार. आजारपणात निर्णय कोणी घ्यायचा तो हेल्थ केअर सरोगेटचा फॉर्म, त्यालाही दोन, आणि त्यातला निदान एक तरी नवरा-बायको किंवा रक्ताच्या नात्यातला नको, सरोगेट स्वतः तर नकोच. बाकी राज्यांत एक सारखेपणा नाही. ओहायोने २००२ पासून डीडवरचे साक्षीदार काढूनच टाकले. जॉर्जियात नोटरी आणि सोबत आणखी एक साक्षीदार असं चालतं. लुइझियानाचा कायदा फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा, तिथे नोटरीसमोर दोन साक्षीदार लागतात आणि नोटरी त्यातला एक होऊ शकत नाही. पेनसिल्व्हेनियात २०१५ पासून पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीला नोटरी आणि वर दोन साक्षीदार, नोटरी स्वतः साक्षीदार म्हणून चालत नाही. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये जून २०२१ पासून दोन साक्षीदार आले पण तिथे नोटरी त्यातला एक असू शकतो. इलिनॉयच्या कुलमुखत्यारपत्राच्या छापील फॉर्मवर तर स्पष्ट लिहिलंय की नोटरीने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. म्हणजे डेट्रॉईटच्या चुलत भावाने "आमच्याकडे तर काहीच लागलं नाही" असं सांगितलं तर त्यावर जाऊ नका, आणि हे मी ओरडून सांगावं इतक्या वेळा घडतं.

त्यात अजून एक गंमतशीर नाही पण डोकेदुखीचा प्रकार म्हणजे घर फ्लोरिडात आणि मालक दुसरीकडे. माझी एक मैत्रीण एडिसनला हेच काम करते. न्यू जर्सीत डीडला साक्षीदार लागत नाही त्यामुळे तिकडच्या नोटरींना सवयच नसते, आणि मग ऑरलँडोजवळ सुट्टीसाठी घेतलेलं घर विकणारं एखादं मराठी कुटुंब तिच्यापुढे बसतं, टायटल कंपनीने (घराच्या व्यवहाराचे कागद बघणारी कंपनी) पाठवलेलं पॅकेट उघडतं, आणि डीडवर साक्षीदारांच्या दोन ओळी. सही न्यू जर्सीत होतेय पण जमीन फ्लोरिडाची, मग नियम फ्लोरिडाचा. तिने मला त्या टेबलावरून मेसेज केला होता की आता काय करू, आणि मी म्हटलं एक तू स्वतः होऊ शकतेस का ते टायटल कंपनीला फोन करून विचार, दुसरा आणायला लाव, पण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. शेजारचे पटेलकाका आले, काम झालं. आता ती पॅकेट आलं की आधी डीडचं शेवटचं पान बघते.

मी स्वतः साक्षीदार होते का? डीडवर हो, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवरही बऱ्याचदा होते. फ्लोरिडात नोटरी दोनपैकी एक साक्षीदार होऊ शकतो, फक्त सही दोनदा करायची, एकदा साक्षीदाराच्या ओळीवर आणि एकदा खाली नोटरीच्या जागी, कारण ती दोन वेगळी कामं आहेत. पुष्कळ नवीन नोटरी खाली शिक्का मारला म्हणजे आपण साक्षीदार झालोच असं धरून चालतात आणि वरची ओळ कोरी ठेवतात, मग ते डीड काउंटीत नोंदणीला गेल्यावर परत येतं. आणि १ जानेवारी २०२४ पासून अजून एक भर पडली आहे, प्रत्येक साक्षीदाराचा टपालाचा पत्ता डीडवर स्वच्छ अक्षरात लिहावा लागतो. नाव तर सहीखाली वाचता येईल असं लिहावं लागतंच, आता पत्ताही. म्हणून मी डीडच्या सहीला बसले की सगळ्यांच्या सह्या झाल्यावर लगेच कागद गोळा करत नाही. साक्षीदाराला पेन परत देते, म्हणते कॅपिटलमध्ये नाव लिहा, त्याखाली घर नंबर, रस्ता, गाव, झिप. झिपचा आकडा मी मोठ्याने वाचून घेते. एकदा एका आजोबांनी सात असा काढला होता की तो एकच वाटत होता, बाजूला परत लिहायला लावला. ते म्हणाले एवढं काय, मी म्हटलं काउंटीच्या क्लार्कला तुम्ही दिसणार नाही ना, त्यांना फक्त हा कागद दिसणार.

या पत्त्यामुळे साक्षीदार मिळणं अवघड झालं हेही खरं आहे. डीड सार्वजनिक रेकॉर्ड असतं, काउंटीच्या वेबसाईटवर कोणीही नावाने शोधून बघू शकतं, आणि आपल्या घराचा पत्ता तिथे कायमचा जाणार म्हटल्यावर माणूस विचार करतोच, विशेषतः एकटी राहणारी बाई. मी ज्यांना सोबत घेऊन जाते त्यांना हे आधीच सांगते, कायदा टपालाचा पत्ता मागतो म्हणून आमच्यातल्या एकीने पोस्टात बॉक्स घेतला आहे आणि तोच देते.

आता मृत्युपत्र. इथे मात्र मी साक्षीदार होत नाही आणि माझ्या नवऱ्यालाही नेत नाही, आणि याचं कारण लोकांना पटकन कळत नाही म्हणून जरा सविस्तर. फ्लोरिडात मृत्युपत्राला खरं तर नोटरी लागतच नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार, तिघं एकाच वेळी एकमेकांसमोर, झालं. पण वकील लोक त्याला शेवटी एक जोडपत्र लावतात, त्यात करणारा आणि दोन्ही साक्षीदार नोटरीसमोर शपथ घेऊन सही करतात की हो हे आमच्यासमोर झालं. याचा फायदा माणूस गेल्यावर कळतो. हे जोडपत्र असेल तर कोर्ट साक्षीदाराला शोधत बसत नाही, नसेल तर साक्षीदाराची शपथ लागते, आणि वीस वर्षांनी तो साक्षीदार कुठल्या राज्यात आहे, आहे की गेला, कोण शोधणार. तर त्या जोडपत्रावर साक्षीदाराच्या सहीचंच नोटरायझेशन होतं. मी साक्षीदार असेन तर मी माझ्याच सहीवर शिक्का मारतेय असं होईल. आणि माझा नवरा साक्षीदार असेल तर मी नवऱ्याच्या सहीवर शिक्का मारतेय, आणि फ्लोरिडाचा कायदा सांगतो की नवरा-बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील यांच्या सहीला नोटरीने हात लावायचा नाही. डीडवर माझा नवरा साक्षीदार म्हणून आला तर मी त्याची सही नोटराईज करत नाही, फक्त घरमालकाची करते, त्यामुळे तिथे अडत नाही. एकच माणूस, एकच पेन, पण कागद बदलला की तो चालत नाही. नवरा-बायको जोडीने हे काम करणारे बरेच आहेत, सोयीचं पडतं, एक गाडी, एक फेरी, पण मृत्युपत्राच्या दिवशी ही जोडी मोडावी लागते आणि ती मोडलेली मी सगळीकडे बघितलेली नाही, हे लिहायला मला वाईट वाटतं.

म्हणून माझ्याकडे ठरलेली माणसं आहेत. चौघं आहेत, एक सन सिटी सेंटरला राहणारी निवृत्त शाळाशिक्षिका, दोघी माझ्यासारख्याच नोटरी, आणि एक वेस्ली चॅपलचा मराठी मुलगा जो घरून काम करतो आणि दुपारी तासभर निघू शकतो. त्यांना मी कसं निवडते तर पत्ता पक्का हवा, आयडी चालू हवा, अठरा वर्षांवरचे हवेत, आणि उद्या कोर्टाने बोलावलं तर फोन उचलतील असे हवेत. हे शेवटचं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. साक्षीदार म्हणजे रिकामी ओळ भरायला आणलेला हात असं जे धरलं जातं त्याचा मला फार राग येतो. त्या ओळीवर सही करणारा माणूस उद्या शपथेवर सांगणार असतो की होय, त्या दिवशी मी तिथे होतो, आजींनी स्वतः पेन धरलं होतं, त्यांना कोणी धमकावत नव्हतं, त्या शुद्धीत होत्या. भावंडांत घरावरून भांडण लागलं, आणि लागतात, तेव्हा त्या खोलीत काय झालं हे सांगणारं घराबाहेरचं कोणीतरी हवं म्हणून तर ही दोन माणसं कायद्याने मागितली आहेत.

म्हणून पार्किंग लॉटमधून कोणालातरी बोलावून आणा, कॉफी शॉपमध्ये बाजूच्या टेबलवाल्याला विचारा, हे मी करत नाही. कायद्याने चालेलही कदाचित, अठरा पूर्ण असलेला कोणीही शुद्धीतला माणूस आहे, पण त्याचं नाव पत्ता खरा आहे का, तो उद्या सापडेल का, आणि त्याने बघितलं तरी काय, घाईत सही करून आपली कॉफी घेऊन गेला. काही नोटरी करतात. त्यांच्याशी माझं जमत नाही.

पैशाबद्दल पण स्पष्ट लिहिते कारण लोकांना विचारायला संकोच वाटतो. फ्लोरिडात शिक्क्याचे जास्तीत जास्त दहा डॉलर घेता येतात, प्रवासाचे वेगळे ठरवून घ्यायचे असतात. साक्षीदार आणायचा तर त्याचे मी माणशी पंचवीस डॉलर लावते, लांब असेल तर जास्त, बिलात वेगळी ओळ असते, आणि ते सगळे त्या माणसाला जातात. आणि ते पैसे सही झाली किंवा नाही झाली तरी द्यायचे, हे मी फोनवरच सांगते. कारण सही झाली तरच पैसे असं ठेवलं तर साक्षीदाराला सही व्हावी असं वाटायला लागतं, आणि आजोबा गोंधळलेले दिसत असतील तरी तो गप्प बसेल. त्याला वेळेचे पैसे मिळताहेत, सहीचे नाही, हे त्याला आणि मलाही स्वच्छ राहतं.

हॉस्पिटलचं सांगते. सगळ्यात अवघड तिथेच जातं. मुलीचा फोन येतो, वडिलांचं उद्या ऑपरेशन आहे, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आजच करायचीय, नर्सेस आहेत ना त्या करतील सही. बहुतेक हॉस्पिटलात नर्स सही करत नाही, त्यांना परवानगी नसते, आणि मला ते योग्यच वाटतं कारण त्यांनी पेशंटकडे बघायचं की कोर्टाच्या फेऱ्या मारायच्या. मग मुलगी म्हणते मी करते. पण अधिकार तिच्याच नावाने देताहेत, तीच साक्षीदार, हे मी करत नाही. मग म्हणते पडद्यापलीकडच्या बेडवर ते काका आहेत त्यांना विचारू, आणि ते काका स्वतः सलाईन लावून पडलेले. अशा एका संध्याकाळी मी आमच्या शिक्षिकाबाईंना फोन केला, त्या चाळीस मिनिटांत आल्या, तोवर मी त्या वडिलांशी बोलत बसले. मी नेहमी असा प्रश्न विचारते ज्याला हो-नाही उत्तर येत नाही. "आज आपण काय करतोय ते मला सांगाल का?" ते म्हणाले, "मुलीला माझी बिलं भरता यावीत आणि बँकेत जाता यावं म्हणून." मग विचारलं कुठली मुलगी, तर बोट दाखवून म्हणाले ही, धाकटी, मोठी सिअ‍ॅटलला असते. एवढं पुरे होतं. बाई आल्यावर मी तोच प्रश्न त्यांच्यासमोर परत विचारला, मुद्दाम, कारण साक्षीदाराने फक्त पेन हलताना बघायचं नसतं. हात थरथरत होता, मुलीने मनगट धरायला हात पुढे केला, मी म्हटलं नको, त्यांचं त्यांना करू द्या, वाकडी आली तरी चालेल. सही वाकडीच आली, पण त्यांची होती. उलट एकदा असंच विचारल्यावर समोरची बाई नुसती हसत राहिली, काय विचारलं तेही कळत नव्हतं, तेव्हा मी बॅग बंद केली. समोरच्याला कागदाचा अर्थ कळत नाहीये असं दिसत असताना शिक्का मारायला कायद्यानेच मनाई आहे. घरचे चिडले, माझ्यासोबत आलेल्या साक्षीदाराचे पैसे मी तरी दिले, पण तो निर्णय मी पुन्हा तसाच घेईन.

"नंतर सही करेल" हाही एक ठरलेला प्रकार. भाऊ ऑफिसात आहे, संध्याकाळी येऊन करेल, तुम्ही शिक्का मारून ठेवा. किंवा भाऊ पुण्यात आहे, व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओवर बघतोय ना सगळं, त्याची सही स्कॅन करून मागवते. नाही होत. माझ्यासमोर टेबलावर कागद आहे, तर साक्षीदारही त्याच टेबलाशी हवा. ऑनलाइन नोटरायझेशन फ्लोरिडात २०२० पासून आहे, त्यात साक्षीदारही व्हिडिओवर असू शकतात, पण त्याला वेगळी नोंदणी, ठराविक प्लॅटफॉर्म, रेकॉर्डिंग असं सगळं लागतं, आणि आजारी किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या माणसाच्या मृत्युपत्राला तिथेही जास्त अटी आहेत. व्हॉट्सअ‍ॅपचा त्याच्याशी काही संबंध नाही.

एक वेगळा गोंधळ पण सांगून टाकते. कधीकधी लोक "साक्षीदार" म्हणतात पण त्यांना हवा असतो ओळख पटवणारा माणूस. आजींचं लायसन्स संपून सात वर्षं झाली, पासपोर्ट काढलेलाच नाही, आता ओळख कशी पटवायची. तेव्हा फ्लोरिडात मार्ग आहे, मला व्यक्तिशः ओळखणारा एक माणूस किंवा आयडी असलेले दोन माणसं शपथेवर लिहून देतात की ह्याच त्या बाई, आम्ही ओळखतो, आणि आमचा यात काही फायदा नाही. इथे माझी भाड्याची माणसं अजिबात कामाची नाहीत! त्यांनी त्या आजींना आयुष्यात कधी बघितलेलं नाही, मग ओळखतो अशी शपथ ती घेणार कशी. कागदावरचा साक्षीदार अनोळखी असला तर चालतो, उलट बरंच असतं, पण ओळख देणारा खरोखर ओळखणाराच हवा, शेजारीण, चर्चमधली मैत्रीण, मंदिरातले जुने स्नेही. तेव्हा फोनवर मी पहिलं हेच विचारते की साक्षीदार कशासाठी हवाय, सहीसाठी की ओळखीसाठी.

आता आपल्या लोकांचं खास काम, भारतातली पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी. पुण्याचा, ठाण्याचा फ्लॅट विकायचाय, आई-बाबांना किंवा भावाला कुलमुखत्यारपत्र द्यायचंय, तिकडच्या वकिलाने वर्ड फाइल पाठवलीय, त्यात फोटो चिकटवायची चौकट, अंगठ्याची जागा आणि खाली साक्षीदार १, साक्षीदार २. इथून दोन रस्ते आहेत, एक अटलांटाचं भारतीय कॉन्सुलेट, कारण फ्लोरिडा त्यांच्याकडे येतं, आणि दुसरा म्हणजे इथे नोटरी करून टॅलाहासीहून, म्हणजे राज्याच्या राजधानीतून, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकार लावतं ते प्रमाणपत्र) घ्यायचं, दस्ताला दहा डॉलर. कुठला रस्ता चालेल ते तिकडच्या वकिलाला आणि विकत घेणाऱ्याच्या बँकेला आधी विचारा, मी ते ठरवू शकत नाही. आणि महाराष्ट्रात कागद पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, तेव्हा कुरिअर भावाच्या घरी पडून राहू देऊ नका.

पण इथे साक्षीदाराची अडचण वेगळीच येते. तिकडे रजिस्ट्रेशन ऑफिसात एजंटच दोन माणसं उभी करून देतो, आपल्याला त्याची सवय झालेली आहे, त्यामुळे ताईंना सांगितलं की त्या आणतील असं सगळे गृहीत धरतात. आणि मग तिकडचे वकील म्हणतात साक्षीदारांच्या आयडीची झेरॉक्सही जोडा. माझ्या शिक्षिकाबाई पंचवीस डॉलरसाठी आपल्या ड्रायव्हिंग लायसन्सची कॉपी देणार, ती पुण्याला जाणार, तिथून एजंटच्या फोनमध्ये, तिथून कुठल्या कुठल्या ग्रुपवर, त्यावर त्यांचा जन्मदिनांक, पत्ता सगळं. मी त्यांना असं कधीच सांगत नाही. या कामाला मी माणसं नेतच नाही, सरळ सांगते की साक्षीदार तुमच्या ओळखीतले आणा, महाराष्ट्र मंडळातले, ऑफिसातले, ज्यांना तुम्ही आणि जे तुम्हाला ओळखतात. "अहो ताई, कोणाला सांगायचं, आपल्या फ्लॅटचं गावभर होईल" असं एक काकू म्हणाल्या होत्या. मी म्हटलं काकू, साक्षीदाराला कागद वाचायचा नसतो, तुमची सही होताना बघायची असते, वरची पानं उलटी ठेवू, फक्त शेवटचं पान समोर. त्यांनी शेजारचं तेलुगू जोडपं बोलावलं, चहा झाला, दहा मिनिटांत काम झालं, किंमत किती आणि घेणारा कोण हे कोणाला कळलंही नाही.

आणि भारतातल्या मालमत्तेचं मृत्युपत्र इथे बसून करत असाल तर एक गोष्ट वकिलाशी नक्की बोला. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात, ज्यांना हे कलम लागू होतं त्यांच्या बाबतीत (हिंदूंच्या मृत्युपत्राला ते लागू होत नाही), साक्षीदारालाच किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला काही ठेवलं असेल तर मृत्युपत्र टिकतं पण त्या माणसाला ठेवलेलं रद्द होतं. फ्लोरिडात तसं नाही, इथे साक्षीदाराला काही मिळणार असलं म्हणून मृत्युपत्र बाद होत नाही. म्हणजे इथल्या सवयीने जावयाला साक्षीदार म्हणून बसवलं आणि मुलीच्या नावे नाशिकचा प्लॉट ठेवला, तर हे कलम लागू असेल तिथे ज्या पोरीसाठी सगळा खटाटोप केला तिचंच जाईल. मी नोटरी म्हणून हे टेबलावर सांगू शकत नाही, कोण बसलंय आणि कोणाला काय ठेवलंय ते मी वाचतही नाही, म्हणून इथे लिहितेय.

तर मला फोन कराल तेव्हा कागदाचं शेवटचं पान समोर घेऊन बसा. साक्षीदाराच्या ओळी किती आहेत, त्यांच्याखाली पत्त्याला जागा आहे का, आणि साक्षीदारांनी शपथ घ्यायची असं कुठे लिहिलंय का, एवढं मला वाचून दाखवा, फोटो पाठवला तर त्याहून बरं, आकडे आणि रकमा झाकून पाठवा. तुमची माणसं असतील तर त्यांना आयडी घेऊन यायला सांगा आणि माझ्या आधी दहा मिनिटं बोलवा. माझी हवी असतील तर आदल्या दिवशी तरी कळवा, शिक्षिकाबाई मंगळवारी आणि गुरुवारी नातवाला आणायला जातात.